भिंत आधी ठोकून बघावी

रविवार, रात्री दहा

प्रिय गड्या,

परवा तू सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर चित्र काढायचं बोलत होतास तेव्हा मी परांचीवर होतो. एका हातात रोलर, दुसऱ्यात फोन, आणि खाली भाजीवाल्या ओरडत होत्या की रंगाचे थेंब गवारीवर पडतायत. म्हणून "बघतो, कळवतो" एवढंच बोललो. फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "तुला हे सगळं सुचतं कुठून रे?" ते काही डोक्यातून जाईना. मुलाखतीला येणाऱ्या पोरांसाठी माझ्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे, निसर्ग, लोकजीवन वगैरे. ते तुझ्यापुढे कसं चालणार? तू मला शेंबडा असल्यापासून ओळखतोस.

सुरुवात तुझ्याच घरातून झाली, हे तुला ठाऊक नसेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण तुझ्या गवंडी तात्यांच्या हाताखाली वाळू चाळायला जायचो, आठवतं? तू चार आण्यांच्या बर्फाच्या गोळ्यासाठी यायचास, मी तात्या भिंतीशी काय बोलतात ते बघायला. जुन्या भिंतीवर गिलावा करायचा असला की ते थापीच्या मुठीनं ठिकठिकाणी ठोकायचे आणि कान लावायचे. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आतून सुटलीय, खरवडून काढायची. "वरून लिंपून काय उपयोग?" म्हणायचे. मी आजही कुठल्याही गावात गेलो की आधी भिंत ठोकतो. नगरसेवक, इंजिनिअर शेजारी उभे असतात, त्यांना वाटतं मी काहीतरी कलाकाराचं नाटक करतोय. पण लोणा लागलेल्या, म्हणजे ओलीनं खार फुटलेल्या भिंतीवर कितीही भारी इमल्शन मारा, दोन पावसाळ्यांत पोपडे धरणारच.

दुसरा गुरू एस.टी. स्टँडसमोरचा पेंटर. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे त्यानं तालुक्यातल्या किती भिंतींवर काढले असतील, देव जाणे. निळीत बुडवलेली सुतळी दोन टोकांना ताणायची, मधे धरून सोडायची, सट्‌कन सरळ निळी रेघ! मला ती जादूच वाटायची. आज प्रोजेक्टर लावून रात्रीत आराखडा उतरवता येतो, तरी लांब आडवी रेघ मी निळीच्या सुतळीनंच मारतो. सवय म्हण, नाहीतर हट्ट.

आणि वाईजवळची मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यातली चित्रं आपण पहिल्यांदा बघितली ती पोहायला म्हणून घरून निघून. तू घाटावरच थांबलास. मी आत अंधारात उभा राहिलो आणि हळूहळू भिंतीतून देव बाहेर यायला लागले. रंग उडालेले, कुठे हात नाही, कुठे चेहरा नाही. चित्र म्हणजे कॅलेंडरवरचं, एवढीच तोवर माझी समजूत. इथे भिंतच चित्र होती, आणि ते काढणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं. ते मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता तेच आवडतं.

कॅनव्हासवर काढलं तर टिकेल, असं तू दर दिवाळीला ऐकवतोस, म्हणून एक गंमत सांगतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारनं 1844 मध्ये रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला नेमलं. त्यानं तिथे वर्षानुवर्षं खपून मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि ते लंडनला रवाना झाले. 1866 मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, जवळजवळ सगळे गेले. मग आमच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी विद्यार्थ्यांना घेऊन 1872 ते 1885 पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि 1885 मध्येच तिथल्या संग्रहालयात आग लागून त्यांतल्या बऱ्याचशा जळाल्या. मूळ चित्रं मात्र माती, भाताचा तूस आणि चुना यांच्या थरावर, वटवाघळं आणि ओल सोसत डोंगरात तशीच. अर्थात अगदी तशीच नाहीत. ग्रिफिथ्सच्या लोकांनी वर व्हार्निश चढवलं, त्यानं नुकसानच केलं. आणि दहाव्या लेण्यात एका रंगवलेल्या खांबावर जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्यानं 28 एप्रिल 1819 ला आपलं नाव कोरून ठेवलंय. ते आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तो उभा होता शतकांच्या साचलेल्या मातीच्या ढिगावर. कॉलेजच्या सहलीत त्या खांबाखाली उभं राहून मला हसूच आलं. आपल्याकडे किल्ल्यावर बदाम काढून नावं कोरणाऱ्यांना उगाच शिव्या घालतो.

बंगालचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांच्याबद्दल तुला मी कधी बोललोय का? शांतिनिकेतनात हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर त्यांनी 1946-47 मध्ये मध्ययुगीन संत रंगवले. या माणसाला एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्यानंही अगदी जवळचंच दिसायचं. म्हणजे आपण काढतोय ती अख्खी भिंत एका नजरेत त्यांना कधीच दिसली नसणार. मला हे परांचीवर चढल्यावर कळतं, कारण तिथे माझीही तीच गत असते. नाकासमोर सहा इंचांवर नुसता निळा रंग. तो कुणाच्या पदराचा आहे की पाण्याचा, हे खांद्याला आणि पायाला ठाऊक असावं लागतं. पुढे त्यांची दृष्टी पूर्ण गेली, आणि त्यानंतर 1972 मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर टाइल्सचं भित्तिचित्र केलं. पाठ दुखली की मी हे स्वतःला ऐकवतो. पाठ काही थांबत नाही, पण मी निदान कुरकुरणं थांबवतो.

माझा सगळ्यात मोठा गोंधळ उडवला तो डहाणूकडच्या एका लग्नानं. वारली घरात लग्न ठरलं की सवाष्णी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. हो, लिहितात. आत पालघट, सुफलतेची देवी. गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीनं. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की त्या चित्राचं काम संपलं. पुढच्या सारवणात ते गेलं तरी कुणाला हळहळ नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं लग्नाबाहेर काढली, रोज काढली, कागदावर आणली, जगभर नेली, 2011 मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांच्यापुढे मी कोण! पण मनात घर करून बसल्यात त्या निनावी बायका. चित्र टिकलं पाहिजे, ही ओढ मला जे. जे.त लागली होती. त्या ओसरीवर ती जराशी सैल झाली.

आता या मंडईच्या भिंतीबद्दल. नव्वद फूट लांब, मागे गटार, त्यामुळे खालचे दोन फूट कायम ओले. ते मी सरळ रिकामे सोडलेत. चित्रात बाजारच काढतोय, पहाटेचा, ट्रक उतरतानाचा. परवा मेथीच्या जुड्या रंगवून खाली उतरलो तर कोपऱ्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "जुडी अशी बांधत्यात व्हय? मुळं एका अंगाला नको? तुझी मेथी दुपारपर्यंत मरंल." मी म्हटलं, मावशी, चित्र आहे. ती म्हणाली, "मग काय झालं? माझ्या डोक्यावर दिवसभर ऱ्हाणार ना ते." दुसऱ्या दिवशी तिनं मला जुडी बांधायला शिकवली, मी सात जुड्या खोडून पुन्हा काढल्या. मुंबईत माझं एक प्रदर्शन झालं होतं, तुला आठवत असेल, तू सूट घालून आला होतास. आठ दिवसांत एकानंही मला चूक दाखवली नाही. सगळे "सुंदर" म्हणाले आणि समोसे खाऊन गेले.

गावातल्या भिंती फुकट असतात, दार नसतं, तिकीट नसतं, म्हणून त्यावर बोलायला कुणाला लाज वाटत नाही. थुंकायलाही वाटत नाही, तेही सांगतो. पहिल्याच आठवड्यात एकानं माझ्या बैलाच्या शिंगावर पिंक टाकली. पानवाल्यानं त्याला हाताला धरून बादली दिली आणि पुसायला लावलं. हे असं दरवेळी घडतं असं समजू नकोस. एका शहरात (नाव लिहीत नाही) माझी महिनाभराची भिंत कुणीतरी बडे पाहुणे येणार म्हणून एका रात्रीत पिवळी फासली. सकाळी चहा प्यायला गेलो तर भिंत ओली. मी तिथेच बसून दोन चहा प्यालो. तेवढ्यात शेजारच्या शाळेतली एक पोरगी आईला म्हणाली, "इथे माझी होडी होती." तिची होडी! मी काढलेली.

म्हणून तुझ्या सोसायटीचं सांगतो, आणि रागावू नकोस. मोर, हातावर पेललेली पृथ्वी, "पाणी वाचवा" यांतलं काही मी काढणार नाही. ते हल्ली प्रत्येक उड्डाणपुलाखाली आहे. कुणी ते बघत नाही, पाणी तर कुणीच वाचवत नाही. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या टाइल्सचं निदान काहीतरी चालतं! तुमच्या कमिटीला विचार, त्या भिंतीशेजारून रोज कोण जातं? पलीकडची बिगारी वस्ती, कामवाल्या मावश्या, स्कूलबसची वाट बघणारी पोरं. त्यांच्याबरोबर दोन सकाळी बसायला मिळणार असेल तर मी येईन. कोटेशन त्यानंतर. आणि चित्र रस्त्याच्या बाजूला हवं, आतल्या बाजूला नको. यावरून तुमच्या मीटिंगमध्ये भांडण होईल, मला ठाऊक आहे.

मृगाच्या आत इथलं संपवायचंय. त्याआधी एखादा रविवार काढून ये. वहिनींनाही आण, मेथी फुकट मिळेल. आणि येताना तात्यांचा पितळी ओळंबा सापडला तर घेऊन ये. माझा चिनी मालाचा आहे, त्याचा दोरा सारखा पिळतो. माळ्यावर त्यांच्या थापीच्या पिशवीत असेल, खाकी पिशवी, बंद तुटलेला.

तुझा,
भिंत्या