मांस कमी खा म्हणण्याआधी रेशनवर डाळ आणा

प्रति,
मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी औसा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात पुराने पिकांसकट माती खरवडून नेली. हवामान बिघडलंय हे आता आम्हाला कुणी पटवून द्यायला नको. त्यात ताटाचाही वाटा आहे, म्हणून हे पत्र.

शेळ्या-मेंढ्या, गाई-म्हशी रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटात मिथेन तयार होतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. आपला माणूस अमेरिकेतल्या माणसापेक्षा फारच थोडं मांस खातो, तेव्हा मोठा भार त्यांनीच उचलायचा, यात शंका नाही. पण आपल्याकडेही जत्रेला, कंदुरीला, आखाडात होणारं मटण आता पैसेवाल्या घरांत आठवड्यातून दोन-तीनदा शिजतं. त्यांनी ते एकदावर आणावं, एवढंच माझं म्हणणं. कंदुरीला हात लावू नका. बंदी तर नकोच. आणि शाळेतल्या पोरांच्या अंड्यांचा निधी शासनाने जानेवारी २०२५ मध्ये थांबवला, तो परत सुरू करा. हा भार त्या लेकरांवर टाकायचा नाही.

मांसाच्या जागी खायचं काय, याचं उत्तर आमच्या रानात उभं आहे. तुरीचं झाड अलगद उपटून बघा, मुळांना बारीक गाठी दिसतील. त्यातले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, म्हणून तुरीला युरिया फारसा लागत नाही आणि युरियामुळे सुटणारा, हवा तापवणारा नायट्रस ऑक्साइड वायूही टळतो. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे पावसाने ओढ दिली तरी ती तग धरते. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीडीएन ७११ सारखं लवकर येणारं वाण दिलंय. तुरीच्या सोल्यांची आमटी, हुलग्याचे शेंगोळे आणि ज्वारीची भाकरी खाऊन आमच्या आधीच्या पिढ्यांनी रानातली कष्टाची कामं ओढली.

पण हीच डाळ दुकानात गरिबाला परवडत नाही आणि आडतीवर माझी तूर हमीभावाच्या खाली जाते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यात डाळ नाही. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून १०० रुपयांत रवा, साखर, तेल आणि चणाडाळ याच रेशन दुकानांतून वाटली गेली. म्हणजे दुकानं आहेत, वाटपाची सवयही आहे. मग सणापुरतीच का? दर महिन्याला प्रत्येक कार्डावर दोन किलो तूरडाळ द्या. तूर मराठवाड्यातून हमीभावाने घ्या, लातूरच्या डाळमिलमध्ये भरडा.

दुसरी मागणी तुमच्या हातातली आहे. शासकीय बैठका आणि दौऱ्यांच्या जेवणात मटण-चिकन बंद करून भाकरी, उसळ, येसराची आमटी ठेवा. साहेब काय जेवले याची चर्चा तालुकाभर होते, आणि ज्यांनी कमी खायला हवं ती मंडळी त्याच पंगतीत बसलेली असतात.

नवी तूर जानेवारीच्या सुमारास बाजारात येते. निर्णय त्याआधी व्हावा, खरेदी केंद्रं वेळेवर उघडावीत, आणि बारदाना नाही म्हणून आमचे ट्रॅक्टर रांगेत अडकू नयेत.

आपला,
एक तूर उत्पादक शेतकरी,
ता. औसा, जि. लातूर