मोटर न्यूरॉनच्या रुग्णांना स्टेम सेलबद्दल खरे सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या भावाला मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार, झाला तेव्हा तो ५४ वर्षांचा होता. आधी शर्टाची बटणे लागेनात, मग जिना चढवेना, पुढे प्रत्येक घासाला ठसका. बुद्धी मात्र शेवटपर्यंत लख्ख. डॉक्टरांनी रिलुझोल सुरू केले आणि याने आजार थांबत नाही, थोडा मंदावतो, हे स्वच्छ सांगितले. पण घरच्यांना हातावर हात ठेवून बसवत नाही. एका खासगी दवाखान्यात कमरेच्या हाडातली मज्जा काढून त्यातल्या स्टेम सेल्स, म्हणजे मूलपेशी, मणक्यात टोचण्याचे ‘पॅकेज’ होते. वहिनीने पाटल्या मोडल्या. तीन इंजेक्शने झाली, फरक शून्य. आठ महिन्यांत नळीने अन्न द्यायची वेळ आली.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत गेले. स्टेम सेलचा या आजारात खरोखर उपयोग होतो आहे, पण तो प्रयोगशाळेत, औषध शोधण्यासाठी. ही गोष्ट आम्हाला तेव्हा कोणीच सांगितली नाही.

जिवंत माणसाच्या मज्जारज्जूचा तुकडा काढून तपासता येत नाही. त्यामुळे स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरताना पाहणार कशा? उंदरांवर चाललेली औषधे माणसांवर एकामागून एक निरुपयोगी ठरली. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेले. पुढे २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अशा मूलपेशींपासून हवी ती पेशी घडवता येते. २००८ मध्येच अमेरिकेत हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी, याच आजाराचा एएलएस हा प्रकार झालेल्या ८२ वर्षांच्या बाईंच्या त्वचेतून मोटर न्यूरॉन पेशी काचेच्या बशीत तयार केल्या. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या पेशींपर्यंत कुठल्याच डॉक्टरचा हात पोहोचत नव्हता, त्या समोर वाढत होत्या.

टोकियोच्या केओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने रुग्णांपासून बनवलेल्या अशा पेशींवर १,२३२ औषधे लावून पाहिली. त्यातून रोपिनिरोल पुढे आले, पार्किन्सनसाठी आधीपासून वापरात असलेली गोळी. २० रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये छापून आले आणि आजाराची वाढ काही महिने लांबणीवर पडल्याची चिन्हे त्यांत दिसली. वीस जणांवरून औषध सिद्ध होत नाही, मोठी चाचणी हवीच. तरी रिलुझोलला १९९५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाल्यापासून इतकी वर्षे जवळजवळ रिकाम्या हातांनी थांबलेल्या घरांना विचारा, अशा एका चिन्हाचे मोल काय ते.

आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांतले मज्जारोपण सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल उपचार म्हणून देता येत नाहीत. तरीही ‘पॅकेज’ विकली जातात. अन्न व औषध प्रशासन आणि वैद्यक परिषदेने तक्रारीची वाट न पाहता अशा जाहिरातींची दखल घ्यावी.

आणि पैसा इथल्या रुग्णांच्या पेशी जपण्यावर लागावा. या आजाराचा एक प्रकार ‘मद्रास’ नावानेच ओळखला जातो. तो प्रामुख्याने दक्षिण भारतात, तरुण वयात होतो आणि सोबत अनेकांची ऐकण्याची शक्ती जाते. तो टोकियो-बोस्टनच्या बशीत कसा सापडेल? पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, बंगळुरूत मेंदूच्या इतर आजारांवर रुग्णांच्या मूलपेशींतून संशोधन चालते. म्हणजे हे काम इथे जमणारे आहे. माझ्या भावाने नखाएवढी त्वचा आनंदाने दिली असती. त्याला कोणी विचारले नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्टेम सेल उपचाराची जाहिरात घेण्यापूर्वी क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीतला, म्हणजे उपचारांच्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एका रुग्णाची बहीण, मिरज