खरेदीआधी आराखडा हवा

महोदय,

मुंबई महापालिकेने 2015 मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले, त्यामागचा दप्तराचे ओझे कमी करण्याचा हेतू आजही मोलाचा आहे. मात्र शाळांतील तंत्रज्ञानाचा विचार निविदेपासून नव्हे, वर्गापासून सुरू व्हायला हवा; कोणत्या इयत्तेतील, कोणत्या विषयातील अडचण या साधनाने सुटणार आहे, हे प्रत्यक्ष शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारल्याशिवाय खरेदीचा प्रस्ताव पुढे जाऊच नये. यंत्राची किंमत एकदाच मोजली जाते, पण दुरुस्ती, इंटरनेट आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांचा खर्च दरवर्षी येतो. त्याची स्वतंत्र तरतूद नसेल, तर चांगली साधनेही कपाटात पडून राहतात.

भाषेचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी या माध्यमांतून चालतात. एकाच भाषेतील साहित्य विकत घेऊन त्या सर्व मुलांना न्याय कसा मिळणार? केंद्राच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन शैक्षणिक मंचावर अनेक भारतीय भाषांतील साहित्य विनामूल्य उपलब्ध आहे, ते आधी पडताळावे. घरातला एकमेव मोबाइल कामावर जाणाऱ्या पालकाकडे असतो, अशा मुलांसाठी शाळेची संगणक खोली शाळा सुटल्यावरही काही वेळ उघडी ठेवावी.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचेच काम आहे. तंत्रज्ञानावरील प्रत्येक खर्च या समितीपुढे मांडूनच मंजूर करावा, अशी माझी प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.

– एक पालक, घाटकोपर, मुंबई