खाडीतल्या बारक्या गोगलगायींचाही बोर्ड लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर हिवाळ्यात तुमच्या पेपरात फ्लेमिंगोंचे फोटो येतात, मी कापून ठेवते, पण आज त्यांच्या पायाखालच्या चिखलाबद्दल लिहायचंय. आम्ही ऐरोलीला राहतो. मुलीच्या सायन्सच्या बाईंनी भिंग घेऊन खाडीवर जायला सांगितलेलं म्हणून ओहोटीला गेलो, आणि तिवराच्या मुळांपाशी जे आम्हाला चिखलाचे कण वाटत होते ते चक्क चालायला लागले! तिळाएवढ्या तपकिरी गोगलगायी, वीतभर जागेत पन्नासेक तरी, मोजता मोजता दमलो.

बाईंनी फोटो बघून सांगितलं, ह्या असिमिनिडी कुळातल्या वाटतायत. मग मी वाचतच सुटले. ह्या कुळातल्या बहुतेक काही मिलिमीटरच्याच, म्हणायला समुद्राच्या पण पाण्याबाहेरही मजेत फिरतात, शंखाच्या तोंडाला झाकण असतं, चिखल वाळायला लागला की आत शिरून लावून घ्यायचं. डोळे आखूड दांड्यांच्या टोकाला, भिंगातून दोन काळे ठिपके दिसतात. खाणं म्हणजे चिखलावरचं शेवाळ आणि कुजलेला पाला, तिवराची एवढी पानं गळतात ती संपवायला हीच मंडळी कामाला लागलेली असतात. इंग्लंडात थेम्सच्या मुखाशी असिमिनिया ग्रेयाना आहे, तिचं वर्णन १८२८ साली फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञानं केलं (हे नाव ऐकून मुलगी केवढी हसली). आणि अमेरिकेत टेक्सास, न्यू मेक्सिकोतल्या झऱ्यांपाशी असिमिनिया पेकोस, दोन मिलिमीटरचीही नाही, तरी २००५ मध्ये तिथल्या सरकारनं तिला कायद्याचं संरक्षण दिलंय. एवढ्याशा जीवाला!

आपली ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर साइट, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. मोठा फ्लेमिंगो चिखल गाळून त्यातले बारके शंखवाले जीवसुद्धा खातो, म्हणजे पक्षी हवेत तर चिखल जिवंत पाहिजेच ना.

पंधरा दिवसांनी परत गेलो तर आम्ही मोजलेल्या जागेवर डेब्रिजचा ढीग. रात्री डंपर येतात असं तिथले मासेमारीवाले काका म्हणाले. झाकण लावून ऊन सोसता येतं हो, पण फुटलेल्या लाद्या आणि सिमेंटखालून ती बाहेर येणार कशी? मुलगी तिथेच रडायला लागली. तक्रार केली, नंबर मिळाला, ढीग अजून तिथेच आहे.

माझी विनंती एवढीच, की ते डेब्रिज उचला, पण उचलताना जेसीबी मुळांवर घालू नका, माणसं लावून पाट्यांनी काढा. आणि खाडीकडेला पक्ष्यांचे बोर्ड लावता तसा ह्या गोगलगायींचाही एक लावा, चित्र मोठं काढा, आणि मुलांच्या उंचीवर लावा.

आपली नियमित वाचक,
ऐरोली, नवी मुंबई