फिरकीबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, मल्लखांबावरची फिरकी मला जमतच नाही." रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत होतं. अरे, मे महिन्यात तुला ती जमत होती! मी मल्लखांबाशेजारी उभी राहून पाहिली आहे. पडलास त्या दिवसापासून हात बदलताना तू क्षणभर थांबतोस, नजर खाली गादीकडे जाते, श्वास अडकतो आणि पुढची अढी, खांबावरची पायांची पकड, सैल बसते. एरंडेल लावलेल्या खांबावर सैल अढी टिकेल कशी? दंडातली ताकद आहे तेवढीच आहे. घसरण्याच्या भीतीनेच तू घसरतो आहेस.

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला असताना आम्ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा शिकलो होतो. १९७७ साली त्यांनी मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. म्हणूनच मल्लखांबावरचाच दसरंग हा प्रकार तू डोळे मिटून करतोस आणि फिरकीला अडतोस. हा भरवसा सगळ्यात पक्का येतो तो स्वतःच्या हातून ते काम झाल्यावर. आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहिलं, कुणी धीर दिला, तर थोडाफार येतो. त्यामुळे मी कितीही वेळा 'तुला जमेल' म्हटलं तरी तुझी अढी घट्ट होणार नाही, हे मला कळतं.

खाशाबा जाधव मातीतले पैलवान. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला मॅटवर सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मला मधली ती सरावाची चार वर्षं पदकापेक्षा मोठी वाटतात.

तू सरांना सांग, पूर्ण फिरकी आठ दिवस नको. खांबावर खालीच, उडी मारून उतरता येईल एवढ्या उंचीवर, नुसता हात बदल. न थांबता दहा वेळा झाला की मग वीतभर वर. शेजारी मित्राला उभं कर, गादी काढू नकोस. चढण्याआधी छातीत धडधडेल, तेव्हा घाबरलोय असं समजू नकोस. माझीही प्रत्येक स्पर्धेआधी धडधडायची, अंग कामाला तयार होत असतं.

आणि जेवण वेळेवर घे.

शनिवारी फोन कर. पूर्ण फिरकी झाली का, हे मी विचारणार नाही. हात कुठे थांबतो, तेवढं सांग.

तुझी,
आई