एकच पोरगा, दोन लॅबचे दोन आकडे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझा पुतण्या दहा वर्षाचा आहे पण प्रार्थनेच्या लाईनीत अजून सर्वात पुढे त्यालेच उभं करतात, म्हणून डॉक्टरनं आयजीएफ-१ ची, म्हणजे वाढीशी जोडलेल्या एका हार्मोनची, रक्ततपासणी लिहून दिली. तालुक्याच्या सेंटरवर रक्त घेतलं, मे महिना, थर्माकोलच्या डब्यातला आइस पॅक दुपारीच पाणी झालेला, सॅम्पल नागपूर अन् तिथून मुंबई. रिपोर्ट आला ६८, ठळक अक्षरात कमी. पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबात केली तर ११८, नॉर्मल. आता घरातले म्हणतात ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुरू करा, अन् ते म्हणजे रोज टोचायचं, वर्षानुवर्षं.

डॉक्टरनं समजावलं ते असं. ग्रोथ हार्मोन दिवसभर वरखाली होते, एकदाच मोजून कळत नाही, म्हणून त्या हार्मोनच्या सांगण्यावरून लिव्हर जे आयजीएफ-१ बनवते ते मोजतात, ते दिवसभर जवळपास सारखंच असते. पण रक्तात ते मोकळं फिरत नाही, दुसऱ्या प्रोटीनले चिकटून राहते, आधी ते सोडवा मग मोजा, अन् सोडवायची रीत प्रत्येक किटची, म्हणजे कंपनीच्या तपासणी-संचाची, वेगळी. डब्ल्यूएचओचं प्रमाण सॅम्पल आहे, ०२/२५४ नंबरचं, सर्वांनी त्यावरच किट जुळवायची असते, पण त्याच्या आधीचं ८७/५१८ पुरेसं शुद्ध नव्हतं, त्यावर जुळवलेल्या किटचा आकडा याच्याशी जुळत नाही. आमच्या दोन्ही रिपोर्टवर किटचं नाव नाही, प्रमाणाचा नंबर नाही. पहिल्यावर तर रेंजही, म्हणजे नॉर्मल आकडा कुठून कुठपर्यंत ते, मोठ्या माणसाची छापलेली! वयात येताना हा आकडा कितीतरी वाढते, वय अन् मुलगा-मुलगी पाहूनच रेंज लावायला पाहिजे.

अन् आपल्याकडची खरी गोष्ट वेगळीच, पोराच्या पोटात नीट अन्न नसलं तरी आयजीएफ-१ खाली येते. मेळघाटात अशी पोरं किती आहेत ते तुमच्याच पेपरात वाचतो. त्यांचा आकडा कमी आला म्हणजे हार्मोन कमी, असं कोण म्हणन?

माझी मागणी एवढीच की रिपोर्टवर किट, प्रमाण अन् वयाची रेंज छापणं सक्तीचं करा, अन् विदर्भातल्या धडधाकट पोरांच्या रक्तावरून इथली रेंज एकदा काढा. आमचे डॉक्टर म्हणाले सहा महिने खाऊ घाला, उंची मोजत राहा, मग एकाच लॅबला पाठवा. दोन वेळचे पैसे गेले ते गेले.

आपला एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ