राजीनाम्याआधीचे चिंतामणराव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ जानेवारीला सी. डी. देशमुखांची जयंती आली की मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला राजीनामा हमखास आठवला जातो. तो आठवावाच. पण त्याच वर्षी, सहा महिने आधी, अर्थमंत्री म्हणून त्यांनी आयुर्विमा ज्या रीतीने सरकारच्या ताब्यात घेतला, ते बहुधा एका ओळीत उरकले जाते.

विमा कंपनीकडचा निधी म्हणजे विमेदारांनी भरलेले हप्ते. राष्ट्रीयीकरणाचे विधेयक मांडून महिनोन्महिने चर्चा चालली असती, तर तेवढ्या अवधीत हा निधी आपल्याच धंद्यांकडे वळवायला काही संचालकांना मोकळे रान मिळाले असते. भीती हवेतली नव्हती. आधीच्या दशकात २५ विमा कंपन्या बुडीत निघाल्या होत्या, आणि डिसेंबर १९५५ मध्ये खासदार फिरोझ गांधींनी लोकसभेत उद्योगपती दालमियांच्या विमा कंपनीतला गैरव्यवहार उघड केला होता.

म्हणून गुप्तता राखून १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि देशमुखांनी तो आकाशवाणीवरून जाहीर केला. खुबी अशी की वटहुकमाने मालकी घेतली नाही, फक्त कारभार घेतला. १५४ भारतीय व १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या (छोट्या रकमांचा विमा उतरवणाऱ्या संस्था), अशा २४५ संस्थांच्या चाव्या सरकारी कस्टोडियनांकडे गेल्या. निधीला कुलूप लागले. मग मालकी, भरपाई वगैरे कज्जे संसदेत सवडीने कायदा करून सोडवता आले. सर्वसाधारण विमा (आग, अपघात वगैरेंचा) त्यांनी तेव्हा हात न लावता सोडला.

१ सप्टेंबरला ५ कोटींच्या भांडवलावर आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) उभे राहिले, तेव्हा देशमुख पदावर नव्हते. कायद्याच्या ३७ व्या कलमाने पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी दिली. आजही एजंट जिच्या नावावर पॉलिसी विकतात ती हीच!

एक कच्चा दुवा मात्र राहिला. खासगी मालकांचा हात निघाला, मंत्रालयाचा शिरला. जून १९५७ मध्ये महामंडळाच्या गुंतवणूक समितीला न विचारता, दिल्लीच्या सांगण्यावरून, उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले गेले. न्या. छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि देशमुखांनंतर त्या खुर्चीवर आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारींना १९५८ मध्ये पायउतार व्हावे लागले.

आपला,
एक वाचक, पुणे